चादरींवरचे पिवळे ठिपके

हिवाळा उतरणीला लागल्याचं ठिणगीला सगळ्या गल्लीच्या आधी कळायचं, आणि कळलं की तिचं डोकं फिरायचं. बाकीच्यांचं काय, ऊन जरा अंगाला बरं वाटायला लागलं की खुर्च्या दाराबाहेर काढायच्या आणि "आज काय छान पडलंय" असं एकमेकांना सांगत बसायचं. ठिणगीची लॉन्ड्री होती. तिला ते ऊन धुतलेल्या पांढऱ्या चादरींवर दिसायचं, बारीक बारीक पिवळ्या ठिपक्यांत. मग ती अंगणात उभी राहून गच्चीकडे बघत तोंडाचा जो पट्टा सोडायची, तो ऐकून कोपऱ्यावरचा चांभारसुद्धा हातोडी खाली ठेवायचा. ठिणगी हे नाव गल्लीनेच ठेवलं होतं आणि ते कोणाला खोडून काढावंसं वाटलं नव्हतं, तिलासुद्धा नाही.

गच्चीवर सासऱ्यांच्या तीन मधपेट्या होत्या. मधमाशी हिवाळाभर पेटीबाहेर पडत नाही, आणि जातीची इतकी टापटिपीची की पेटीत घाणही करत नाही. पोट धरून बसते. पहिला उबदार दिवस उजाडला की सगळ्या झुंडीने बाहेर येतात आणि आधी पोट मोकळं करून घेतात, तेही उडता उडता.

"एवढं आभाळ पडलंय, आणि यांना जागा सापडते ती माझ्या चादरीवर!" ठिणगी ओरडायची.

"पांढरं बघून त्यांना बरं वाटत असेल," सासरे म्हणायचे.

ठिणगीला यात हसण्यासारखं काही दिसत नसे. हे ठिपके पहिल्या धुण्यात निघत नाहीत, दुसऱ्यात पुसट होतात, तिसऱ्यात कापडच विरायला लागतं. तिचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे प्रसूतिगृह. गेल्या वर्षी तिथल्या मेट्रनबाईंनी अख्खं गाठोडं परत पाठवलं होतं. "यावर बाळं निजवायची का आम्ही? पुन्हा असं झालं तर दुसरीकडे बघू," असं वर ऐकवलंही होतं. त्या दिवशी ठिणगीने घरात एकही भांडं शांतपणे खाली ठेवलं नाही.

या हिवाळ्यात सासऱ्यांच्या छातीने दगा दिला. त्यांचा पलंग इस्त्रीच्या टेबलामागच्या खोलीत, खिडकीशी लावला होता. जिना चढणं बंद. दिवसभर ते पडल्या पडल्या खिडकीबाहेर बघायचे आणि दिवसातून दहादा पेट्यांचं काढायचे. वर चाहूल आहे का? कान लावून बघितलंस का? दाराशी पाणी तर साचलं नाही ना? ठिणगी इस्त्री आपटत "हो" नाहीतर "नाही" म्हणायची. तिला त्या माश्यांचा राग होताच, पण खरा राग निराळा होता. दोन हिवाळ्यांपूर्वी तिचा नवरा गेला, या म्हाताऱ्याचा एकुलता एक मुलगा. तेव्हापासून त्यांच्या तोंडून त्याचं नावसुद्धा निघालं नव्हतं. फोटोसमोरून जाताना मान वळवायचे. आणि माश्यांसाठी मात्र जीव नुसता तुटत होता.

ती सकाळ उजाडली तेव्हा ठिणगी दोरीवरचे टॉवेल काढायला बाहेर आली आणि जागीच थांबली. टॉवेल मऊ होते. रोज सकाळी पुठ्ठ्यासारखे ताठ झालेले असायचे, दोरीवरून काढताना कुरकुरायचे. आज नुसते ओले. पन्हळीतून पाणी ठिबकत होतं. तिने हात बघितले, बोटांच्या भेगांतून रक्त नव्हतं. कोपऱ्यावरच्या झाडाच्या काड्यांना कालपर्यंत काही नव्हतं, आज टोकं फुगून तेल लावल्यासारखी चकाकत होती. एक चिमणी दोरीला बांधलेल्या चिंधीचा दोरा ओढत होती, सुटत नव्हता तरी हट्ट सोडत नव्हती.

"आलं, कार्टं आलंच!" ठिणगी म्हणाली.

आतली दोरी ओल्या दुलयांनी भरली होती, आणि प्रसूतिगृहाच्या चादरी बाहेरच्या पिंपात पिळून तयार पडल्या होत्या. संध्याकाळपर्यंत पोचवायच्या होत्या. तिने क्षणभर विचार केला आणि रागाच्या भरात एक गोष्ट केली, जी फक्त धुणं धुणाऱ्या माणसालाच सुचावी. फडक्यांच्या तीन घट्ट वळकट्या केल्या, पाण्यात बुडवून पिळल्या आणि गच्चीवर जाऊन तिन्ही पेट्यांच्या दाराच्या फटींत ठासून बसवल्या. गळकी मोरी बुजवावी तशा. दुपारपर्यंतचा तर प्रश्न होता.

खाली आली तर सासरे उशीला टेकून बसले होते. डोळ्यांत चमक होती.

"निघाल्या का गं?"

"नाही."

"ऊन तर चांगलं आहे. झाड बघितलंस का?"

"मला झाडं बघायला वेळ नाही, बाबा."

चादरी दुपारीच वाळल्या. एक ठिपका नाही. ठिणगी स्वतः गाठोडं घेऊन प्रसूतिगृहात गेली. मेट्रनबाईंनी चादर उलगडून उजेडाला धरली, मान हलवली आणि लगेच दुसरं गाठोडं तिच्या हातात दिलं. परत येईपर्यंत ऊन उतरलं होतं, हवेत पुन्हा चावरा गारवा आला होता. आता कशाला बाहेर पडतात त्या, तिने मनाशी म्हटलं, उद्या काढू. दुसऱ्या दिवशी ऊन आणखी तापलं, आणि दोरीवर पुन्हा प्रसूतिगृहाच्याच चादरी होत्या. आता हा एक दिवस.

त्या दिवशी सासऱ्यांनी काही विचारलं नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. जेवणाचं ताट तसंच.

"का जेवत नाही?" ठिणगीने कडक आवाजात विचारलं.

"मेल्या असतील त्या," म्हातारा भिंतीला सांगत होता. "दोन दिवस असं ऊन, आणि एक बाहेर नाही. थंडीत वर कोणी बघितलं नाही, मी इथे लोळत पडलो. माझ्याच निष्काळजीपणाने गेल्या."

 ती जिन्याने धावतच वर गेली. पहिल्या पेटीच्या फटीतून वळकटी उपसली, तर तिच्यामागून मेलेल्या माश्यांचा ढिगारा घरंगळला, ओला, काळपट, घाणीने माखलेला. दाराशी चेंगरून मेल्या होत्या. दुसरीतही तेच. तिसरीची वळकटी एका कडेने सुटली होती. ती काढताच आतून गुरगुर ऐकू आली आणि एक माशी बाहेर येऊन तिच्या मनगटाला डसली. ठिणगीने तिला झटकलं नाही.

आता गप्प बसता आलं असतं. म्हाताऱ्याने दोष स्वतःच्या अंगावर घेतला होता, पुढे कोणी विचारणारही नव्हतं. पण न खाता भिंतीकडे तोंड करून पडलेला माणूस किती दिवस काढतो, हे या घराने तिच्या नवऱ्याच्या वेळी बघितलं होतं. ती खाली आली आणि पलंगाशी उभी राहून एका दमात बोलून मोकळी झाली.

"थंडीने नाही मेल्या. मी मारल्या. फटी बुजवल्या, चादरींसाठी. दोन पेट्या गेल्या. तिसरी आहे."

सासरे सावकाश वळले. हिवाळाभर ज्या आवाजाला उशीपलीकडे ताकद नव्हती, तो आवाज इस्त्रीच्या टेबलापर्यंत गेला. "कसाई आहेस तू! मला वर ने. आत्ताच्या आत्ता!"

"जिना चढवणार नाही तुम्हाला."

"मग उचल! गाठोडी उचलतेस ना रोजची?"

तिने त्यांना पाठीवर घेतलं. ओल्या दुलईपेक्षा हलके भरले, आणि त्याचाही तिला राग आला. पायरीगणिक म्हातारा तिच्या कानाशी शिव्या देत होता, मध्ये खोकत होता, खोकला थांबला की राहिलेली शिवी पुरी करत होता. ती एकेक ऐकून घेत चढत राहिली.

वर उतरत्या उन्हात तिसऱ्या पेटीच्या माश्या भिरभिरत होत्या. सासरे उलट्या बादलीवर बसले. मेलेल्या माश्यांची मूठ भरून त्यांनी मांडीवर घेतली आणि त्यांचे डोळे भरून आले. ते बघून ठिणगीचा बांध फुटला.

"रडा! माश्यांसाठी रडा! पोटचा पोर गेला तेव्हा एक टिपूस नाही काढलंत. दोन वर्षं त्याचं नाव घेतलं नाहीत या घरात. मी एकटीने रडायचं, एकटीने धुवायचं, आणि तुम्ही वर येऊन यांच्याशी गप्पा मारायच्या. बोला ना आता!"

म्हाताऱ्याने मांडीवरच्या माश्या बोटाने सारख्या केल्या.

"त्याचं नाव घेऊन काय करू?" ते म्हणाले. "माश्या थंडी संपली की बाहेर येतात. तो येणार होता का?"

 ठिणगी कठडा धरून उभी राहिली. मनगट सुजून ठणकत होतं आणि ती पहिल्यांदाच या माणसासमोर, तोंड न लपवता, रडत होती. त्यांनी तिला गप्प केलं नाही. जवळही बोलावलं नाही.

"माफ-बिफ केलेलं नाही मी तुला," थोड्या वेळाने ते म्हणाले.

"मागितलीय कोणी?"

"ऊन वाढलं की तिसरीतल्या माश्या वाढतील. त्यातून एक पेटी फोडता येईल, म्हणजे अर्ध्या माश्या काढून रिकाम्या पेटीत वसवायच्या. मला काही ते जमायचं नाही आता. तुलाच शिकावं लागेल. त्याआधी या दोन्ही पेट्या धुऊन काढ. कढत पाणी, धुण्याचा सोडा, कोपऱ्यांतून ब्रश फिरवून..."

"धुणं मला शिकवू नका!" ठिणगी ओरडली, नाक पुसलं, आणि पहिली पेटी उचलली.