डावी टाकी

काका गेल्याचं कळलं तेव्हा मी फिजिक्सच्या लॅबमध्ये होते. मावशीचा फोन आला. ती रडत नव्हती. "मनू, काकाला ऑफिसात अटॅक आला. गेला म्हणतात. तू ये," एवढंच बोलली. मी हो म्हटलं, फोन ठेवला आणि समोरचं रीडिंग पूर्ण केलं. वायरी गुंडाळून खणात ठेवल्या. लॅब पार्टनरला म्हटलं, मला लवकर निघावं लागेल... का ते सांगितलं नाही, इंग्रजीत कसं सांगायचं ते सुचेना. बाहेर टेक्ससचं ऊन होतं आणि पार्किंगमध्ये गाडी सापडत नव्हती. आता रडू येईल असं वाटत होतं. याला काही आठवडे झाले, ते अजून आलेलं नाही. लिहिलं तर बरं वाटेल असं कुणी म्हणालं, म्हणून लिहिते आहे. मला याची सवय नाही.

अविनाशकाका म्हणजे माझ्या नीतामावशीचे यजमान. मूळचे नागपूरचे, पुष्कळ वर्षं टेक्ससमधल्या अर्विंगमध्ये सॉफ्टवेअरच्या नोकरीत. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिली. आईबाबांना सेमिस्टर म्हणजे काय, क्रेडिट म्हणजे काय, यातलं काही ठाऊक नव्हतं. काका फोनवर बाबांना म्हणाले, "पाठवा बाप्पा, आमच्याकडे राहील," आणि मी आले. पहिल्या वर्षी मी वर्गात तोंड उघडत नसे. सगळ्यांना सगळं येतं आणि मलाच येत नाही, असं वाटायचं. काकांना हे कसं कळलं कोण जाणे. रोज जेवताना ते विचारायचे, "आज कोणता प्रश्न विचारला नाहीस?" मी सांगायचे. मग ते ताट बाजूला सारून म्हणायचे, "हां, आता मला विचार." उत्तर त्यांनाही यायचंच असं नाही. पण प्रश्न तोंडातून बाहेर पडायचा.

पन्नाशीत त्यांनी विमान चालवायचं लायसन्स काढलं आणि चार सीटचं एक जुनं विमान घेतलं. चार सीट म्हणजे आपल्याकडे रिक्षात चार माणसं बसतात तशा. गावाबाहेरच्या छोट्या विमानतळावर ते असायचं. काकांची एकच इच्छा होती, मावशीनं शेजारच्या सीटवर बसावं. मावशी एकदा बसलीही. मी मागे होते. तिनं मांडीवर धपाट्यांचा डबा घेतला, पट्टा लावला आणि समोर पाहिलं. दोन्ही पंखांत एकेक पेट्रोलची टाकी आणि दोन्हींचे काटे समोर. डावा काटा अर्ध्यावरून शून्याकडे जायचा, परत वर यायचा.

"हा काय सांगतोय?" मावशीनं विचारलं.

"त्याच्याकडे लक्ष नको देऊ."

"लक्ष द्यायचं नाही तर लावलाय कशाला?"

काका समजावू लागले. जुन्या विमानांत असंच असतं, टाकीत एक तरंगता गोळा असतो, तो हलला की काटा हलतो, वर्षानुवर्षं झिजतो. म्हणून निघण्याआधी टाकीत काठी बुडवून बघायचं आणि मग घड्याळावर हिशेब ठेवायचा. "काट्यावर नाही गं, काठीवर उडतो आम्ही," ते हसत म्हणाले.

"आणि वर गेल्यावर काठी कोण घालणार? आमची आई सिलिंडरला ओलं फडकं लावून सांगायची गॅस किती उरलाय ते. तुझ्या विमानात तेवढंही नाही?" मावशीनं पट्टा सोडला. "हा काटा खरं बोलायला लागला की सांग. तेव्हा बसेन." ती डब्यासकट उतरली. धपाटे आम्ही तिघांनी विमान ठेवायच्या हँगरच्या दारात बसून खाल्ले.

काकांनी ते मनावर घेतलं. वॉल्टर नावाचे एक वयस्कर मेकॅनिक शेजारच्या हँगरमध्ये काम करतात. त्यांच्या देखरेखीखाली दोन्ही टाक्यांतले जुने गोळे काढून नवे सेन्सर बसवायचे आणि काट्यांच्या जागी डिजिटल गेज लावायचा, असं ठरलं. मला त्यांनी बरोबर घेतलं, म्हणाले, "हे तुझं फिजिक्सच आहे, चल." बसवणं लवकर झालं. वेळ लागतो तो त्या गेजला शिकवायला. टाकी रिकामी करायची, विमान अगदी समतोल उभं करायचं, मग मोजून थोडं थोडं पेट्रोल ओतायचं. ते स्थिर होईपर्यंत थांबायचं आणि बटण दाबून गेजला सांगायचं, एवढं म्हणजे दोन गॅलन, एवढं म्हणजे चार. टाकी भरेपर्यंत हेच. एका शनिवारी आम्ही उजवी टाकी पूर्ण केली. मी शिडीवर उभी राहून ओतत होते, काका आत बसून बटण दाबत होते. एकदा थांबलो असताना मी न राहवून म्हटलं, "काका, हे झालं की मावशी नक्की बसेल ना?"

"छे," काका म्हणाले. "तिला काट्याची कुठे भीती आहे? तिला उंचीची भीती आहे. आमच्या लग्नानंतर एका गडावर गेलो होतो, अर्ध्यातून बसून बसून उतरली."

"मग हे सगळं कशाला?"

"तिनं काट्याचं नाव घेतलं ना. मग काटा तर नीट करू. भीतीचा पार्ट वॉल्टरकडे मिळत नाही." ते हसले. "ओत. हळू."

डावी टाकी पुढच्या शनिवारी करायची होती. त्याआधीच काका गेले.

दिवसकार्य झालं, माणसं येऊन गेली. सगळे म्हणाले, विमान विकून टाका. मावशी "बघू" म्हणायची. मग वॉल्टरचा फोन आला. कसं बोलावं ते त्यांना कळत नव्हतं. शेवटी म्हणाले, डावी टाकी राहिली आहे, तशीच ठेवू का? मी मावशीला विचारलं. ती कणीक मळत होती. "तशीच कशी ठेवायची?" ती म्हणाली. "मी येते."

ती खरंच आली. विमान बाहेर काढून उभं केलं होतं. मावशी शिडीवर चढली नाही, पण आतल्या उजव्या सीटवर बसली. बटण तिनं दाबायचं ठरलं. सुरुवातीला वॉल्टरनी टाकीत थोडंसं पेट्रोल ओतलं आणि म्हणाले, आता शून्य दाबा. तळाचं एवढं पेट्रोल इंजिनला ओढून घेता येत नाही, म्हणून ते धरायचंच नाही. मी मराठीत सांगितलं.

"म्हणजे आत आहे, तरी नाही म्हणायचं?" मावशी म्हणाली. "आणि हा म्हणे खरं बोलणारा!"

वॉल्टरनी विचारलं, त्या काय म्हणाल्या? मी म्हटलं, त्यांना गेज आवडला. मग आम्ही ओतत राहिलो. मावशी प्रत्येक वेळी मोठ्यानं आकडा म्हणायची, "दोन... चार... सहा..." पाढे म्हणावेत तसा सपाट आवाज. शेवटी वॉल्टरनी काठी बुडवून पाहिली. काठी आणि गेज, दोन्ही एकच सांगत होते. वॉल्टर म्हणाले, कधीही सांगा, मी तुम्हाला फिरवून आणीन. मावशी थँक यू म्हणाली आणि उतरली.

परत येताना गाडी मी चालवत होते. हायवेला लागल्यावर ती म्हणाली, "मनू, काट्याचं नुसतं निमित्त होतं गं. मला उंचीवर भोवळ येते. त्याला कसं सांगायचं, एवढ्या हौसेनं विमान घेतलेलं..."

सांगावं की नाही मला कळेना. मग सांगितलं. "मावशी, काकांना माहीत होतं. गडावरचं सांगितलं त्यांनी मला."

"काय सांगितलं?"

"बसून बसून उतरलीस ते."

 ती हसली, खरंच हसली. "माहीत होतं आणि तरी गेज बदलत बसला? लबाड मेला..."

आणि तो शब्द तिचा तिलाच ऐकू आला.  एक एक्झिट गेलं, दुसरं गेलं. "शनिवारी हवा कशी आहे, विचार वॉल्टरना," ती म्हणाली.

विमान विकायचं नाही, असं ठरलंय. दर शनिवारी आम्ही तिथे जातो. मावशी उजव्या सीटवर बसते, पट्टा लावते, स्विच लावून गेजवर दोन्ही टाक्या बघते. थोडा वेळ तशीच बसते. मग पट्टा सोडून म्हणते, आज वारा जास्त वाटतोय, पुढच्या वेळी जाऊ. वारा नसतो. वॉल्टर माझ्याकडे बघतात. मी म्हणते, हो मावशी, जरा जास्तच आहे, आणि तिला उतरायला हात देते.