माझ्या गच्चीवरचा रिपीटर

आमच्या हौशी रेडिओ क्लबचा रिपीटर लातुरात माझ्या गच्चीवर आहे. उदगीर-निलंग्याकडून येणारे क्षीण आवाज पकडायचे आणि जोर लावून सगळीकडे फेकायचे, एवढंच त्याचं काम. तो डिजिटल करायचं मीटिंगमध्ये ठरलं, तेव्हा वाद झाला तो फक्त खर्चावर. प्रत्येकाला नवा सेट घ्यावा लागणार होता. निलंग्याच्या अप्पांना तो परवडणारा नव्हता, म्हणून वर्गणी काढून त्यांच्यासाठी घेतला आणि सगळे स्वतःवरच खूश होऊन चहा प्यायले. मीसुद्धा.

अप्पांना दिसत नाही. बसस्टँडजवळ मुलाचं पानाचं दुकान आहे, त्याच्या मागच्या खोलीत अप्पांचा सेट. रविवारी सकाळी रेडिओवरच्या हजेरीला आधी नुसतं "नमस्कार" म्हणायचं, अप्पांनी आवाज ओळखायचा, मगच आपली कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचं सांकेतिक नाव, सांगायची, ही आमची रीत. माझे यजमान गेल्यानंतरच्या पहिल्या हजेरीला मी कसाबसा नमस्कार केला, तर अप्पा म्हणाले, "अक्का, आज बोलू नको. नुसती बस. आम्ही हाव की." घरी भेटायला येऊन गेलेल्या एकानेही मला एवढा धीर दिला नव्हता.

डिजिटलच्या पहिल्या रविवारी खरखर पार गेली होती. आवाज मात्र सगळे एकाच डब्यातून आल्यासारखे. अप्पांनी औशाच्या गुरुजींना उदगीरचे डॉक्टर ठरवलं. लोक हसले. मग मी नमस्कार केला.

"कोण?" अप्पा म्हणाले. "लई साफ यायलंय, पण कोण बोलायलंय ते कळंना."

आमचे सेक्रेटरी उत्साहाने म्हणाले, "अप्पा, नाव स्क्रीनवर येतंय की!"

पुढच्या रविवारी अप्पा आलेच नाहीत. मी फोन केला, तर मुलगा म्हणाला, "अप्पा म्हणतेत, तुमचं चालू द्या."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तशीच गच्चीवर गेले, नवं मशीन काढून जिन्यात ठेवलं आणि जुनं जोडलं. संध्याकाळी सेक्रेटरींचा फोन आला. "ताई, मीटिंगमध्ये ठरलेलं आहे हे. तुमच्या एकटीच्या हट्टापायी क्लब मागं ठेवायचा का?"

"हो, ठेवायचा," मी म्हणाले. "तुम्हाला घाई असेल तर मशीन जिन्यात आहे. घेऊन जा आणि दुसरी गच्ची शोधा."

त्यांनी शोधली. खरं तर त्यांच्या नव्या सेटवर आमचा जुना रिपीटरही लागतो, एक बटण दाबलं की झालं. पण तेवढंही कोणी करत नाही. हजेरीला आता अप्पा आणि मी, कधीमधी औशाचे गुरुजी.

परवा अप्पा म्हणाले, "अक्का, माझ्यापायी तुझी माणसं तुटली."

"तुटू द्या," मी म्हणाले. "त्या दिवशी तुम्ही मला 'कोण' म्हणालात ना, ते मला पुन्हा ऐकायचं नाही."