पार्सल घरी नेऊनच द्यायचं

पारशिवनीला जायचं हे मी बहारीनमध्ये ठरवलं, एका शुक्रवारी, पार्सल बांधता बांधता. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. तिथल्या मनामा शहरातल्या एका इंग्रजी दैनिकात मी मुद्रितशोधक होतो. खोलीत आम्ही चौघं, सगळे त्याच छापखान्यातले: कोट्टायमचा वर्गीस, सुदानचा इद्रिस, पारशिवनीजवळच्या एका खेड्यातला मधुकर आणि नागपूरच्या इंदोऱ्यातल्या बौद्ध वस्तीतला मी. शुक्रवारी सुट्टी. इद्रिस एका मोठ्या परातीत भात आणि मासे वाढायचा आणि चौघांनी त्या एकाच परातीत जेवायचं. पहिल्या शुक्रवारी मधुकर जरा अडखळला होता. पुढे तर माशाच्या चांगल्या तुकड्यावरून त्याचा हात माझ्या हाताशी भांडायचा.

खोलीचा एक नियम होता. जो सुट्टीवर जाईल त्यानं सगळ्यांची पार्सलं न्यायची आणि ती घरी नेऊनच द्यायची. आईवडिलांना भेटायचं, जेवायचं, खबर आणायची. वर्गीसच्या घरी मला तीन प्रकारचे मासे वाढले होते आणि त्याच्या बहिणीनं सगळ्यांबरोबर फोटोत उभं केलं होतं.

या वेळी मधुकरचं पार्सल बांधलं: टेपरेकॉर्डर, आईला साडी, अत्तराची बाटली. दोरी आवळता आवळता तो म्हणाला, "घरी कशाले जातं गा? पारशिवनीच्या स्टँडसमोर हॉटेल हाय, तिथं ठेवून दे. भाऊ घेऊन जाईन."

"काहून? घर दूर हाय का?"

"दूर नाई. तुले तरास."

त्रास कुणाला होणार होता ते त्यालाही ठाऊक होतं, मलाही. मी तेव्हाच ठरवलं. हॉटेलात काही ठेवायचं नाही.

मुंबईत कस्टमवाल्यानं टेपरेकॉर्डर उलटासुलटा करून पाहिला आणि सोडला. नागपूरला पोचलो, शहरातल्या सदर भागात माझी दोन कामं उरकली आणि घरी बेत सांगितला. मायनं, म्हणजे माझ्या आईनं, सगळं ऐकून घेतलं.

"मीबी येतो," ती म्हणाली.

"तू कशाले वं? उन्हाचं."

"तुह्या दोस्ताचं घर पाहतो. तू दोन वर्सं त्याच्यासंगं रायला, मले पाहू तर दे."

सकाळची एसटी कामठी-कन्हानवरून जायची. कन्हानचा पूल ओलांडला की संत्र्यांच्या बागा आणि कापसाची रानं सुरू होतात. जाणार असाल तर डावीकडची खिडकी धरा, उन्हाचा त्रास कमी. भाकरी-झुणका बरोबर असू द्या, वाटेत धड काही मिळत नाही. पारशिवनीला उतरलो. समोर ते हॉटेल होतंच. मायनं तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पुढे बैलगाडीची वाट. एका गाडीवाल्यानं गावापर्यंत सोडलं.

मधुकरचे वडील ओसरीवर बाजेवर बसले होते. मी नाव सांगितलं, पार्सल पुढे केलं.

"बसा, बसा. मधूचे दोस्त. नागपुरात कोठी रायता?"

"इंदोऱ्यात, काकाजी."

त्यांचा चेहरा काही वाईट झाला नाही. फक्त पार्सल खाली ठेवा अशी खूण केली. थोड्या वेळानं मधुकरची आई चहा घेऊन आली. ओसरीच्या टोकाला, भिंतीशी वेगळे पालथे घातलेले जर्मनचे, म्हणजे ॲल्युमिनियमचे, दोन गिलास होते. तिनं ते सुलटे केले आणि चहा वरूनच ओतायला लागली.

"राहू द्या बाई," माय म्हणाली. "आमी घरी कपबशीत पितो."

चहा तसाच राहिला. आम्ही उठलो नाही. मधुकरच्या आईनं शेवटी मलाच विचारलं, "माह्या पोराले तिकडं जेवाले कोन देते, बाबू?"

हाच प्रश्न मधुकरला नको होता. मी त्याला झाकू शकलो असतो. एखादी खानावळ सांगितली असती तर सगळेच सुटले असते, मी सोडून.

"आमी चौघं एकाच परातीत जेवतो, काकू. मीबी अन् तोबी."

काकाजी उठले आणि गोठ्याकडे गेले. काकू मात्र तिथेच उभ्या.

"पोटभर जेवते ना?"

"माह्या वाट्याचंबी खाते."

पदरात त्यांना हसू आलं, तेही पटकन आवरलं. आत जाऊन त्यांनी शेवयांचं गाठोडं आणलं आणि आमच्यासमोर ओसरीच्या कडेला ठेवलं. माय जागची हलली नाही. तिचे हात तिच्या मांडीवर. मीही हात पुढे केला नाही. मग त्या बाईंनी एकदा गोठ्याकडे पाहिलं, गाठोडं उचललं आणि मायच्या हातात दिलं.

परतीच्या वाटेवर माय एवढंच म्हणाली, "हात जळला नाई तिचा."

मनामात मी पोचण्याआधी घरचा निरोप मधुकरपर्यंत पोचला होता. त्यानं शेवया घेतल्या, उघडल्या नाहीत.

"काहून सांगितलं?"

"खोटं होतं का?"

"तुले गप नाई रायता आलं?"

"नाई."

त्या शुक्रवारी तो आपली थाळी घेऊन जिन्यात जाऊन बसला. इद्रिसनं विचारलं, "हा आजारी आहे की कुणी वारलंय?" मी त्याला आणि वर्गीसला सगळं इंग्रजीत समजावलं. छापखाना घोड्यावर बसलेला असताना बातम्या नीट केल्यात, पण इतकं अवघड वाक्य कधी जुळवावं लागलं नव्हतं. इद्रिसनं शांतपणे ऐकलं.

"म्हणजे आजारीच आहे," तो म्हणाला आणि भात कालवू लागला.

मी मधुकरची मनधरणी केली नाही. कामाचं तेवढं बोलायचो. काही शुक्रवार गेले आणि एकदा तो मुकाट्यानं येऊन बसला. वर्गीसनं सरकून जागा दिली. पुढे तो सुट्टीवर निघाला तेव्हा मी मायसाठी घेतलेलं स्वेटर त्याच्या बॅगेवर ठेवलं. कुठे द्यायचं ते सांगितलं नाही. परत आल्यावर "दिलं," एवढंच तो म्हणाला.

कायमचा नागपूरला परतलो तेव्हा बरोबर आणलेलं सामान कुठे कुठे गेलं, आज आठवतही नाही. पहिल्याच संध्याकाळी मायला विचारलं, "मधुकर आला होता का वं?"

"आला होता. इथंच बसला, तुह्या जागेवर. दोनदा भात घेतला."

माझा चेहरा उजळलेला तिला दिसला असावा. तिनं हातातलं सूप खाली ठेवलं.

"उगा फुगू नको. उपकार नाई केला त्यानं. भूक लागली होती, जेवला."