दीड तासात किती शिवा

बोरी अरबहून नागपूरला पोचायला जीपनं आम्हाला पाच तास लागले आणि नागपूरहून मुंबईला विमानानं दीड. इतकी वर्षं झाली, पण हा हिशेब मला अजून पटत नाही.

थोरल्या बहिणीचं मुंबईत हृदयाचं ऑपरेशन होतं. दोन दिवसांनी होणार म्हणून आम्ही आरामात रेल्वेनं निघणार होतो. पण सकाळीच भाऊजींचा फोन आला, ऑपरेशन आजच रात्री. ताईही बाबांशी दोन शब्द बोलली. तिचा आवाज घाबरलेला होता. ती आत जायच्या आधी तिच्या डोक्यावर हात ठेवायचा, हा बाबांचा एकच हेका. मग भाऊजींनी तिला न सांगता विमानाची तिकिटं काढली.

आमच्या घरची एक चाल आहे. दुखणाईताला भेटायला निघालं की वाटेतल्या प्रत्येक गावाच्या शिवेवर भाकरीचा तुकडा टाकायचा. न टाकता शीव ओलांडली तर दुखणं वाढतं म्हणतात. जीपवाला दर गावाला गाडी हळू करायचा, बाबा तुकडा टाकून हात जोडायचे आणि मी घड्याळ बघून चरफडायची. विमान चुकलं असतं तर मी त्या भाकरीला जन्मभर माफ केलं नसतं.

विमानात बसल्यावर बाबांनी उरलेल्या भाकरीचं फडकं मांडीवर सोडलं आणि पाणी घेऊन आलेल्या मुलीला सांगितलं, "शीव आली का सांगजा वं बाई." ती गोड हसली आणि पुढं गेली. मला हसावं की रडावं कळेना.

खाली पिंजून ठेवल्यासारखे पांढरे ढग दाटले होते. मी काही बोलणार तेवढ्यात बाबा म्हणाले, "कापसाचं नाव नको काढू आज." त्या वर्षी कापसाला कुत्रंही विचारत नव्हतं. आमची समोरची खोली न विकलेल्या कापसानं खिडकीपर्यंत भरलेली होती आणि बाबा त्यावरच झोपायचे.

मग ढग फाटले. खाली शेतं, नद्या, गावं, सगळं मुकाट सरकत होतं. बाबांनी काचेला कपाळ टेकवलं. "कोन्त्या गावाची शीव कुठं सरते, काहीच समजून नाही राह्यलं," ते हळूच म्हणाले. "एवढी गावं आपन न इचारता ओलांडून राह्यलो." मला भीती वाटली, आणि खरं सांगते, त्याहून जास्त नवल वाटलं. आयुष्यभर बैलांच्या चालीनं मोजलेली भुई त्यांच्या पायांखालून अशी निघून चालली होती. त्यांनी भाकर पुन्हा फडक्यात बांधली.

दवाखान्यात पोचलो तेव्हा ताईला गुंगीचं इंजेक्शन दिलेलं होतं. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिनं डोळे उघडले, बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा एकदम खुलला.

"झालं का ऑपरेशन, बाबा? वाचली ना मी?"

सकाळी गावाहून बोललेला बाप समोर उभा आहे म्हणजे मधे एक अख्खी रात्र गेली असणार, असंच तिला वाटलं. दुसरं काही तिच्या मनात येणंच शक्य नव्हतं. भाऊजींनी तोंड फिरवलं.

बाबा तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले. "नाही वं माय, व्हाचं हाय अजून. मी पह्यलेच आलो."

"मंग थांबजा," ती म्हणाली आणि तिनं डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं ते उघडले, तेव्हा बाबा थांबलेलेच होते.