डाव्या दारातला आवाज

सुमनताईंचा फोन आला तेव्हा मी दाढीला साबण लावून आरशासमोर उभा होतो. "विलासराव, ह्यांना केव्हाच्या हाका मारून राह्यले... उठंनात." योग्य वेळी अयोग्य बोलण्याची मला जन्मजात देणगी आहे. मी म्हणालो, "ताई, उजवीकडून मारल्या असतील. डाव्या कानाशी जाऊन मारा." त्या म्हणाल्या, "डाव्या कानातच मारल्या, विलासराव..." साबण गालावर तसाच वाळला. दत्ताभाऊ झोपेतच गेले होते, कुणालाही त्रास न देता. आयुष्यभर त्रास देण्याचं खातं त्यांनी माझ्याकडं सोपवलेलं होतं, ते शेवटपर्यंत माझ्याकडंच राहिलं.

दत्ताभाऊ माझे थोरले साडू; सुमनताई माझ्या बायकोची, शोभाची, मोठी बहीण. जालन्याच्या एमआयडीसीत एका लोखंडाच्या मिलमध्ये त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली. तिथून सुटले ते कुंभार पिंपळगावला परतले आणि एक जुनी पांढरी गाडी घेऊन बसले. गावात कुणाच्या छातीत दुखलं, कुणाच्या लेकीचे दिवस भरले, की दत्ताभाऊंची गाडी दारात हजर. भाडं मिळायचं, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे लोक डोळे झाकून त्यांच्या गाडीत बसायचे. मिलच्या धडधडाटात त्यांचा उजवा कान पार गेलेला आहे, हे मात्र गावाला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. मला एवढंच ठाऊक होतं, की गाडीतल्या आवाजावर ते नाराज आहेत. "भजन लावलं का असं वाटतं, विलासराव, शेजारच्याच्या घरी चालू हाय."

एवढं मला पुरे होतं. मी विम्याच्या कचेरीत कारकून. पण तरुणपणी एकदा एक रेडिओ दुरुस्त केला होता आणि तेव्हापासून ध्वनी या विषयातला जाणकार म्हणून माझी ख्याती आहे. म्हणजे माझ्यापुरती आहे. मी नवे स्पीकर आणले आणि एका स्पीकरच्या तारा उलट्या जोडल्या. पखवाजाचा सगळा घुमारा गायब झाला, नुसती टिकटिक उरली. ते निस्तरलं, तर दाराचा पत्रा थरथरतो म्हणून आतून जाड पट्ट्या चिकटवायला दार उघडलं. खिडकीची काच सरकन दाराच्या पोटात गेली, ती काही वर येईना. पुढचे कितीतरी दिवस दत्ताभाऊ खताच्या गोणीचा पडदा लावून फिरले. मग मी अॅम्प्लिफायर बसवला. गाडीचा वेग वाढला की स्पीकरमधून कुंईऽऽ असा सूर निघायचा आणि तोही वेगाबरोबर चढायचा. "गाडीत डास शिरला का?" त्यांनी विचारलं. "का तुमचा सुधारलेला आवाज म्हणत्यात त्यो ह्योच?"

दर दुरुस्तीनंतर मी शेजारच्या सीटवर बसायचो आणि म्हणायचो, "काय घुमतोय बघा!" ते स्टेरिंगवर हात ठेवून ऐकायचे, मान हलवायचे. "चांगलाय... पण जवळ येत न्हाई."

सुमनताई मात्र एकही फेरी चुकवायच्या नाहीत. पेशंट कुणीही असो, पुढची डावी सीट त्यांची. आणि रस्ताभर तोंड चालू. मागून ट्रक येऊन राह्यला, थांबा, आता घ्या, अजून एक हाय. मी शोभाला म्हणायचो, "तुझ्या बहिणीनं नवऱ्याला स्टेरिंगवर सुद्धा मोकळं सोडलं न्हाई." शोभा म्हणायची, "तुम्हाला कोण सोडतंय? तुम्हाला गाडीच येत न्हाई धड."

एके दिवशी दत्ताभाऊंच्या शेजारच्या रेखाला जालन्याला दवाखान्यात दाखल करायचं होतं. दिवस भरलेले, पहिलटकरीण, भ्यालेली. सुमनताई तिचा हात धरून मागं बसल्या, म्हणून पुढची सीट मला मिळाली. खरं तर मला कुणी बोलावलंच नव्हतं. त्या डासाचा बंदोबस्त केला होता, तो दाखवायला मी आलो होतो. रेखा म्हणाली, "काका, लावा की काही. जीव घाबरा होऊन राह्यला." मला तेवढंच निमित्त. मी आवाज चढवला आणि सीटखाली वाकून अॅम्प्लिफायरचं बटण पिळत बसलो.

पुढं उसाचा ट्रॅक्टर होता, दोन ट्रॉल्या जोडलेला. दत्ताभाऊंनी आरशात पाहिलं असावं, त्यात रस्ता रिकामा दिसला असावा. त्यांनी गाडी उजवीकडं काढली. मागून सुमनताई ओरडल्या, "घेऊ नका! अवो, घेऊ नका!" मला वाटलं, आवाज फार होतोय म्हणतात. मी वाकूनच म्हणालो, "थांबा ताई, आता तर रंगात येतंय." मान वर केली तेव्हा उजव्या खिडकीत आभाळ नव्हतं. मागून आलेला, सळयांनी भरलेला एक ट्रक खिडकीभर पसरलेला होता. काहीतरी फटकन तुटलं. दत्ताभाऊंनी ब्रेक दाबून स्टेरिंग डावीकडं ओढलं, ट्रॉलीचे ऊस माझ्या काचेला घासत गेले, आणि गाडी रस्त्याखाली उतरून बाभळीशी थांबली.

भजन चालूच होतं. दत्ताभाऊ ते बंद करायला गेले, पण बोटांना बटण सापडेना. मीच बंद केलं. उजवा आरसा गेला होता. मागं रेखा पोटावर दोन्ही हात ठेवून बसली होती, डोळे मोठे करून. "पोरी, बरी हायेस ना?" तिनं मान हलवली. मग दत्ताभाऊ चिडून म्हणाले, "बघा हे ट्रकवाले! हॉर्न न्हाई, काही न्हाई!"

रेखाच हळू म्हणाली, "दिल्ता की, काका... लई येळ दिल्ता."

दत्ताभाऊंनी वळून सुमनताईंकडं पाहिलं. सुमनताई खाली उतरल्या, माझं दार उघडलं. "विलासराव, मागं बसा." मी मुकाट्यानं मागं गेलो. त्या पुढं बसल्या. "चला," म्हणाल्या. आणि जालन्यापर्यंत त्यांचं तोंड पुन्हा सुरू झालं. येऊन राह्यला, थांबा... दोन गाड्या हायेत... आता घ्या. इतकी वर्षं ज्याला मी कटकट म्हणत आलो, तो त्या माणसाचा उजवा कान होता. मी मागं बसून हॅण्डल घट्ट धरलं होतं. प्रत्येक हॉर्नला मी मागं वळून बघत होतो, आणि पुढच्या माणसाची मान जराही हलत नव्हती.

रेखाला दाखल केलं. दवाखान्याच्या आवारात लिंबाखाली आम्ही तिघं उभे राहिलो. दत्ताभाऊ मला म्हणाले, "विलासराव, तुम्ही जल्दी बोलून जाता. गावात बोलू नका. लोक लेकरंबाळं घेऊन बसत्यात माझ्या गाडीत."

"म्हणूनच बोलावं लागंल," सुमनताई म्हणाल्या.

"मंग कोण बसंल? गाडी काय दारात उभी करून पुजायची?"

"मी किती दिवस ओरडू? आज मागं बसले तर काय झालं बघितलं ना? उद्या मला ताप आला तर?"

मी गप्प होतो, यावरून प्रसंगाची कल्पना यावी. दत्ताभाऊ गाडीकडं गेले, बॉनेटवरून हात फिरवला, तुटक्या आरशाचं उरलेलं बूड चाचपून पाहिलं. मग पुढून वळसा घालून डाव्या दाराशी आले आणि आत बसले. किल्ली माझ्याकडं धरली. "चला. पण क्लच जपून."

मी क्लच जपला नाही. जालना ओलांडेपर्यंत गाडी कितीदा बंद पडली ते विचारू नका. अवघड शांतता मोडावी म्हणून मी भजन लावलं, अगदी हळू. दत्ताभाऊ डाव्या दाराला टेकून बसले होते, चांगला कान स्पीकरच्या अंगाला. थोडं अंतर गेल्यावर त्यांनी डोळे मिटले. "विलासराव..." ते म्हणाले, "आता बराबर आला आवाज. मांडीवर येऊन बसला बघा." मागं सुमनताईंनी पदर तोंडाला लावला होता. हसत होत्या की काय करत होत्या, आतला आरसा माझ्यासाठी वळवलेला नसल्यानं मला नीट दिसलं नाही.

रेखाला मुलगी झाली. रेखाचा बाप पेढे घेऊन आला, तेव्हा दत्ताभाऊंनी चारचौघांत स्वतःच सांगून टाकलं, "उजवा कान मिलमध्येच राह्यला माझा. आता गाडी सुमन चालवील. बसायचं त्यानं बसावं." काही दिवस कुणी आलं नाही. ते ओसरीवर रस्त्याकडं बघत बसायचे. सुमनताई मोकळ्या रानात गाडी शिकायच्या. मग एका दुपारी रेखाच बाळाला डोस द्यायला घेऊन आली आणि मागच्या सीटवर जाऊन बसली. तिच्यामागून गाव आलं. पारावरचे टवाळ विचारायचे, "भाऊ, वहिनीनं स्टेरिंग घेतलं का?" ते कानाला हात लावून म्हणायचे, "ऐकू येत न्हाई." आणि मला खासगीत सांगायचे, "आता बहिरा कान हिच्या बाजूला आला. उशिरा सुचलं, विलासराव."

दिवसकार्य उरकल्यावर सुमनताई मला परतूर स्टेशनला सोडायला निघाल्या. मी डाव्या सीटवर बसलो. ती अजून दत्ताभाऊंच्या बेतानं मागं कललेली होती. टेकलं की कान आपोआप स्पीकरशी जातो. भजन चालू होतं. गावाबाहेर आल्यावर सुमनताईंनी हात पुढं करून आवाज पार खाली आणला, माझ्याकडं तोंड वळवलं आणि मोठ्यानं, शेतातल्या माणसाला हाक द्यावी तशा म्हणाल्या, "पट्टा लावला का?"

"लावला," मीही तेवढ्याच मोठ्यानं म्हणालो.

त्यांनी आवाज पुन्हा वाढवला. मला दोन्ही कानांनी ऐकू येतं, हे मी त्यांना सांगितलं नाही.