‘घर’ नावाचा फोल्डर

जामसंड्याचा गुरुदास म्हणजे गावच्या लग्नांचा राखणदार. कुणाच्या पोरीच्या हळदीचं शूटिंग हरवलं, की लोक त्याच्या स्टुडिओत येत आणि तो बॅकअपमधून ते काढून देई. हात असा हुशार, तोंड मात्र दुबळं. चतुर्थीला गणपतीपुढे गाऱ्हाणं घालायचं यजमानाने, आणि नेमकी तिथे या बाबाची दातखीळ बसायची. ‘काय चुकला-माकला असात तर पदरात घी’ ही शेवटची ओळ तर दरवर्षी हमखास विसरायचा. मग सैपाकघराच्या दारातून बायको, सुभद्रा, सांगायची, “अवो, चुकला-माकला ऱ्हवला.” आणि सगळं घर हसायचं.

कॉम्प्युटर लग्नांनी तुडुंब भरला, तेव्हा त्याने घरची रेकॉर्डिंगं, सुभद्राचा आवाज असलेली सगळी, एका वेगळ्या डिस्कवर हलवली. ती जोडली अशी, की ‘घर’ नावाचा साधा फोल्डरच वाटावा. बॅकअप आपोआप व्हायचा. गुरुदास निर्धास्त होता.

मार्गशीर्षात सुभद्रा गेली. साधी कावीळ म्हणता म्हणता गेली. त्यानंतर त्याला ‘घर’ उघडवेना. बॅकअपमधले गिऱ्हाइकांचे फोल्डर तो नेमाने उघडून तपासायचा. ‘घर’चं नुसतं नाव दिसलं, की पुढे सरकायचा. आहे ना, तेवढं पुरे. शहाण्याने असं करू नये, हे खरं. पण ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

पुढच्या चतुर्थीच्या तोंडावर ती डिस्क बंद पडली. खाऱ्या हवेने आतून गंजली होती. मुंबईहून आलेली लेक नम्रता एवढंच म्हणाली, “बाबा, आयचो आवाज लाव मरे.” गुरुदासने बॅकअपमधलं ‘घर’ उघडलं. आत काहीच नव्हतं.

बॅकअपने कुणाला फसवलं नव्हतं. बाहेरून जोडलेल्या डिस्कच्या आत शिरायचं, तर तसं आधी सांगावं लागतं. सेटिंगमध्ये त्यासाठी एक चौकोन असतो. गुरुदासने त्यात खूणच केली नव्हती. दारावरची पाटी वाचून पाहुण्याने परत फिरावं, तसा बॅकअप रोज फक्त नाव लिहून परतला होता. आतलं काही निघतं का बघायला डिस्क पुण्याला पाठवली, तीही तशीच परत आली. गावातलं एकूण एक लग्न शाबूत होतं. सुभद्रा तेवढी गेली, दुसऱ्यांदा, आणि या खेपेला त्याच्या हातून.

चतुर्थीला गुरुदास गाऱ्हाण्याला उभा राहिला. भाऊबंद ‘व्हय म्हाराजा’ म्हणत होते. शेवटाला येऊन तो थांबला. विसरला असेल, असं सगळ्यांना वाटलं. नम्रताने हळूच ओळ सुचवलीही. पण तो विसरला नव्हता. जन्मात पहिल्यांदा ती ओळ त्याला लख्ख आठवत होती. आपणच ती म्हटली, तर सुभद्राला सांगायला काही उरणार नाही, म्हणून तो सैपाकघराच्या दाराकडे बघत तसाच उभा राहिला.