मुहूर्ताआधी रेंगाळलेलं लिस्प

"वेग वाढवला ना? मंग हे कासव काहून झालं?" अकोल्यातल्या, कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगचे मालक मधुकरराव फोनवर विचारत होते.

दसऱ्याला कापूसखरेदीचा मुहूर्त. ओलावा मोजून कापसाची प्रत ठरवणारी आमची सिस्टीम त्या दिवशी चालली नाही, तर ते ती काढून टाकणार होते. अमरावतीतल्या आमच्या दोघांच्या ऑफिसला हे एकच गिऱ्हाईक. ते गेलं की ऑफिसला कुलूप, अन् माझी पार्टनर करुणा पुण्याच्या एका कंपनीत नोकरीला.

प्रोग्राम करुणानं लिस्प या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिला होता. ओलावा मोजणाऱ्या यंत्राचा कोड मात्र सी भाषेतला. म्हणजे प्रत्येक मापाला लिस्पनं सीला हाक मारायची. आपलं लिहिलेलं मशीनच्या भाषेत उतरवतो तो कंपायलर. त्याला सांगता येतं, वेग किती अन् चुकांची तपासणी किती. आम्ही वेग टोकाला नेला. लिस्पची आकडेमोड पळाली, पण सीला मारलेली हाक जागची हलेना. मग तपासणीच बंद केली. तरी तेवढंच हळू, वर जरा चुकलं की प्रोग्राम आडवा! डोकंच चालेना.

"यंत्रच भंगार असन," मी म्हणालो.

"नुसत्या सीमधून चालवून पाहिलं मी. मस्त पळते," करुणा म्हणाली. "मले तर काहीच समजून नाही राहिलं."

"कंपायलर काय म्हणते?"

"म्हणन कसा? तोंड तर आपणच बंद केलं त्याचं."

खरंच की! मागच्या डेमोला स्क्रीनवर कंपायलरच्या सूचना पाहून मधुकरराव दचकले होते. "मुहूर्ताच्या मशीनीवर हे रडगाणं नको बाप्पा!" म्हणून आम्ही सगळ्या सूचना बंद केलेल्या.

त्या पुन्हा सुरू केल्या. पहिलीच सूचना अशी: सीला कुठल्या प्रकारचा आकडा द्यायचा, पूर्णांक की दशांश, हे आधी ठाऊक नाही, म्हणून जोडणी प्रोग्राम चालताना करीन. अरे देवा! हा गडी दर हाकेला नवी जोडणी करत बसला होता. वेगाचं सेटिंग त्याला काय करणार? करुणानं आकड्याचा प्रकार कोडमध्येच पक्का लिहिला. तपासणी परत चालू केली. आता वेगाचं सेटिंगही कामी आलं.

दसऱ्याला हार घातलेल्या पहिल्या गाडीतल्या कापसाची प्रत शेतकरी खाली उतरेपर्यंत स्क्रीनवर आली. मधुकररावांनी दोघांनाही पेढा दिला, अन् करुणानं पुण्याच्या कंपनीला तिथूनच फोन करून नोकरीला नकार दिला.

तेव्हापासून आम्ही कंपायलरला मनसोक्त बोलू देतो. गिऱ्हाईक आलं की फक्त स्क्रीन भिंतीकडं फिरवतो.